माझा ओटा कधी करणार?

ओटेवाल्यांचा धंदा उत्तम चालला होता आणि त्या दुःखातून ते अजून सावरले नव्हते.

धंदा बुडाला तर माणसाला निदान रडता तरी येतं. चार लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, 'होतं असं' म्हणतात. चालत्या धंद्याचं रडगाणं ऐकायला कुणी येत नाही. घरामागे लाकडी डेक बांधणं, कठडे, कुंपणं, बागेतल्या पायवाटा अशी घराबाहेरची सगळी कामं ओटेवाले करत. सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत. लोकांना निवांत बसायला जागा बांधून देता देता आपण स्वतः शेवटचे कधी निवांत बसलो होतो, ते त्यांना आठवेनासं झालं होतं. आभाळ भरून आलं की लाकूड भिजेल ही काळजी, ऊन पडलं की लाकूड पिळवटेल ही काळजी. आभाळाला याखेरीज तिसरं काही येत नसल्यामुळे ओटेवाले बारा महिने काळजीत असत.

ओटेवाले हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला हवं. सुरुवातीला त्यांच्या पाटीवर 'डेक' असा शब्द होता. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ जुना टेपरेकॉर्डर काखोटीला मारून आले आणि 'एका बाजूने कॅसेट अडकते' म्हणाले. दुसऱ्या एकाने, तुम्ही बोटीवर होतात का, असं आदराने विचारलं. ओटेवाल्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा त्यांची बायकोच म्हणाली, "डेक काय, डेक! साधं ओटा म्हणा की. घराबाहेर चार माणसांनी टेकायची जागा म्हणजे ओटा." शब्द पटण्यासारखा होता. पाटी बदलली आणि ओटेवाले आगीतून फुफाट्यात पडले. कारण बाहेर ओटे असलेली घरं केव्हाच गेली होती. लोकांच्या डोक्यात आता एकच ओटा उरला होता, स्वयंपाकघरातला, ज्यावर गॅस असतो तो. "आमच्या ओट्याचा दगड तडकलाय." "ओट्याखाली झुरळं झालीयत हो." असे फोन यायला लागले. ओटेवाले प्रत्येकीला सांगायचे, "ताई, तो आतला ओटा. आमचा ओटा बाहेरचा." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी लोकांना ते पटलं, धंद्याने जोर धरला, सगळे त्यांना ओटेवाले म्हणू लागले आणि ओटेवाल्यांच्या स्वतःच्या डोक्यातून आतला ओटा कायमचा निघून गेला. घात झाला तो इथं.

कारण घरी आतला ओटा होता. तो ओटेवाल्यांच्या आईने आपल्या हौसेने, समोर उभं राहून बांधून घेतला होता. आई ठेंगणी होती, ओटा तिच्या मापाचा झाला. ओटेवाल्यांची बायको चांगली उंच, लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या बरोबरीने दिसणारी. ती या घरात आली आणि त्या ओट्यापुढे वाकली. पुढे आई गेली, ओटा राहिला. अलीकडे बायकोच्या कमरेने पार असहकार पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. डॉक्टरांना म्हणायला काय जातं? ज्या घरात ओटा मांडीला लागतो तिथं न वाकता फक्त उपाशी राहता येतं.

हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं असं नाही. पण ओटेवाल्यांना फोनवर दिवसभर तोच प्रश्न असे. एका दंतवैद्याच्या घरामागे ते खांब ओळंब्यात आहे की नाही ते पाहत असताना फोन वाजला.

"अहो, माझा ओटा कधी करणार?"

"पुढच्या महिन्यात नक्की बघू हं, ताई," असं म्हणून ओटेवाल्यांनी फोन ठेवला.

घरी गेल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला. "ताई कोण?"

'कामाच्या नादात' वगैरे ओटेवाल्यांनी पुटपुटून पाहिलं.

"ते राहू दे. यंदा मला ओटा करून द्यायचा म्हणजे द्यायचा. लोकांचे करता ना? एक माझा करा. मी आमच्या ताईकडे जाऊन राहते तोवर. त्या धुळीत, ठोकाठोकीत मला उभं राहवायचं नाही. परत येईन तेव्हा ओटा झालेला पाहिजे."

ओटेवाल्यांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं आपण लोकांच्या दारात राबलो, आणि आपल्या घरामागे मात्र चिखल, मोडकी बादली आणि कपडे वाळत घालायची तार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोने आजवर त्यांच्या कामाचं कधी कौतुक केलं नव्हतं, की कधी नावं ठेवली नव्हती. आज तिने चक्क मागणी केली. 'करतो,' ते म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला. तो कापलेला ऐकून बायकोच्याही डोळ्यांत पाणी आलं. दोघांचं इतकं एकमत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन बहिणीकडे गेली आणि ओटेवाल्यांनी मिस्त्रीला घरी बोलावलं. मिस्त्री दाराशी उभा राहूनच म्हणाला, "साहेब, दंतवैद्याचं अर्धं उघडं पडलंय. शाळेचं कुंपण व्हायचंय. घरचंच काम आहे ना, ढकला पुढं." हे वाक्य मिस्त्रीला ओटेवाल्यांनीच शिकवलं होतं. यशस्वी माणसाची हीच गंमत असते, त्याची माणसं त्याला मिळत नाहीत. शेवटी ओटेवाल्यांनी स्वतःच कुदळ उचलली. गेली कित्येक वर्षं ते कामावर नुसतं बोट दाखवत होते. बोटाला सराव होता, बाकीच्या शरीराला नव्हता.

पहिला घाव बसताच कुंपणापलीकडे हेडमास्तर उगवले. हे शेजारी निवृत्त होते आणि जगातली प्रत्येक वस्तू शेवटी कशी वाया जाते, यावर त्यांचा अभ्यास होता.

"काय चाललंय?"

"ओटा करतोय. हिच्यासाठी."

"लाकडाचा?"

"लाकडाचा."

"लाकूड कुजतं," हेडमास्तर म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "सगळंच कुजतं म्हणा." मग ते कुंपणावर हात टेकून नीट उभे राहिले. ओटा पश्चिमेला केला तर संध्याकाळी ऊन डोळ्यांत येईल, पूर्वेला केला तर सकाळी येईल, खाली पोकळी ठेवली तर उंदीर होतील, नाही ठेवली तर वाळवी लागेल, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. "आणि वहिनींना विचारलंय ना, कुठं हवा, केवढा हवा ते? बायकांना विचारल्याशिवाय ओटा करू नये."

"तिनेच सांगितलंय!" ओटेवाले ठसक्यात म्हणाले.

परवानगीची भानगड ओटेवाल्यांना नवीन होती. त्यांच्या धंद्याचा नियमच असा, की परवानगी गिऱ्हाइकाने काढायची. आता गिऱ्हाईकही तेच असल्यामुळे ते नगरपालिकेत जाऊन खिडकीपुढे उभे राहिले. आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काम काय?" "ओटा करायचाय." "त्याला परवानगी लागत नाही. खुशाल करा." ओटेवाल्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं गिऱ्हाइकं या खिडकीच्या नावाने खडे फोडत होती, ती काय उगीच? माणसाला नीट बोलता आलं पाहिजे, असा निष्कर्ष काढून ते घरी आले.

खांब उभे राहिले, आडवे वासे बसले, आणि एके दिवशी पालिकेचे निरीक्षक स्कूटर लावून थेट मागच्या अंगणात आले. कुंपणापलीकडून हेडमास्तरांनी घाईघाईने सांगितलं, "मी तक्रार नाही केली हं. मी फक्त चौकशी केली, की कुणी लाकडी बांधकाम केलं तर चालतं का."

"हे काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"ओटा."

"ओटा आत असतो."

"हा बाहेरचा."

"बाहेर असेल तर तो ओटा नाही. ते बांधकाम. बंद करा."

ओटेवाल्यांना आयुष्यात इतका अपमान कधी झाल्यासारखा वाटला नव्हता. ज्याला अख्खं गाव ओटेवाले म्हणतं, त्याला एक स्कूटरवाला ओटा म्हणजे काय ते शिकवणार! ते तडक खिडकीवर गेले. बाईंनी या वेळी मान वर केली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "अहो, आतला करा ना. आतल्या ओट्याला काही विचारतच नाही आम्ही. बाहेरच्याला साहेबांची सही लागते, आणि साहेब रजेवर आहेत."

"मला आतला ओटा नकोच आहे!" ओटेवाले ओरडले. रांगेतले सगळे वळून पाहू लागले. एक म्हातारे गृहस्थ हळहळून शेजारच्याला म्हणाले, "घरात काही तरी बिनसलेलं दिसतंय."

साहेब रजेवरून येईपर्यंत आभाळ गळत राहिलं. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही, नुसती चिकचिक. उघडे वासे काळे पडत गेले. हेडमास्तर रोज येऊन ते पाहत आणि काही न बोलता परत जात. ते न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. सही मिळाल्यावर ओटेवाल्यांनी त्वेषाने शेवटचा खड्डा खणला आणि कुदळ कशात तरी खचकन गेली. स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणी वाहून नेणारा नळ त्या जागेखालून जातो, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. लोकांच्या अंगणात ते हा प्रश्न पहिल्यांदा विचारत. स्वतःला विचारायचं राहून गेलं.

आता सिंक बंद झालं. ओटेवाले भांडी न्हाणीघरात घासू लागले आणि त्यांच्या शरीराचे हाल वाढले. कारण बायको गेल्यापासून स्वयंपाकही तेच करत होते. बटाटे उकडायचे, अंडी उकडायची, आणि त्याचाही कंटाळा आला की ब्रेड भाजायचा. पण एवढ्यानेही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्यांची कंबर धरली होती. बटाट्याचं साल काढता काढता मधेच उसासा टाकून ते सरळ उभे राहत, कमरेवर हात ठेवत, पुन्हा ओट्यावर वाकत. 'वासे उचलल्याने झालं असणार,' असं ते मनाशी म्हणत. ओट्याशेजारी एका खिळ्याला रबराची गरम पाण्याची पिशवी टांगलेली होती. तिने त्यांना फार आराम पडला. अशी पिशवी झोपायच्या खोलीत न ठेवता स्वयंपाकघरात, गॅसच्या हाताशी का टांगली असावी, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. त्याने सिंकखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघर न्याहाळलं. "काका, आता फोडाफोडी झालीच आहे, तर हा ओटा उचलून घ्या ना वर. किती खाली आहे! माणूस वाकून वाकून मरायचं."

"ओट्याचंच तर काम चाललंय," ओटेवाले म्हणाले आणि अभिमानाने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

प्लंबरने बाहेर पाहिलं. आत पाहिलं. दुसऱ्याच्या संसारात पडायचं नाही, असं ठरवून तो पुन्हा सिंकखाली गेला.

मधून मधून बहिणीकडून बायकोचा फोन येई. तिचा आवाज दिवसेंदिवस हलका होत चालला होता. "इथं ताईचा ओटा चांगला उंच आहे हो. कंबर दुखायची थांबलीय, खरंच. आपला कुठवर आला?"

"काही विचारू नकोस. आलीस की बघ." 

"नाही विचारत. एवढंच सांगा, उंच करताय ना?"

"असा उंच, की नुसती बघत राहशील."

"आणि तुम्ही का कण्हताय?"

"कंबर गेली ग माझी, तुझ्या ओट्यापायी."

"जाते ना?" ती मायेने म्हणाली. "मी सांगायचे तेव्हा तुम्हाला खोटं वाटायचं." ओटेवाल्यांना त्याचा अर्थ नीटसा लागला नाही. पण बायको इतक्या मायेने बोलतेय म्हटल्यावर अर्थ कशाला लावायचा, म्हणून त्यांनी तो लावला नाही.

ओटा पुरा झाला तो मात्र देखणा झाला. ओटेवाल्यांनी आजवर बांधलेल्यांत तो सगळ्यांत चांगला होता, हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. फळ्यांमधली फट शेवटपर्यंत एकसारखी. कठड्याची कड हाताने घासून गोल केलेली, की तिच्या हाताला कुसळ लागू नये. बसायला रुंद बाक, त्याला पाठ, कारण तिला पाठीला आधार लागतो हे त्यांच्या लक्षात होतं. तेवढं लक्षात होतं. तेलाचा शेवटचा हात देऊन ते बाजूला उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, या एका कामाने बाकी सगळं फिटलं.

ती यायची त्या दिवशीही आभाळ कळकटच होतं. ओटेवाले दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मागच्या ओट्यावर उभे राहिले. हेडमास्तर साक्षीदार म्हणून कुंपण सोडून आत आले होते. पुढच्या दारात टॅक्सी थांबल्याचा आवाज आला, चप्पल काढल्याचा आला, आणि मग पावलं थेट स्वयंपाकघराकडे गेली. ती खिडकीत दिसली. तिने खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. ती खाली ओट्याकडे पाहत होती. तिने त्यावर हात ठेवला, जरा पुढेमागे फिरवला, काही तरी शोधत असल्यासारखा. मग तिने मान वर केली आणि खिडकीतून तिला दोन्ही हात पसरून उभा असलेला नवरा दिसला.

"कसा झालाय?" ओटेवाले ओरडले.

ती मागच्या दाराने बाहेर आली. फळ्यांवरून सावकाश चालत कठड्यापर्यंत गेली, बाकाच्या पाठीवरून बोटं फिरवली. "छान झालाय," ती म्हणाली. पाहुण्यांकडे गेल्यावर म्हणतात तसं.

"कुजणार," हेडमास्तर म्हणाले, "पण छान झालाय." तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचं भाषण त्यांनी गिळलं आणि घरी काही तरी उकळत ठेवल्याचं सांगून ते निघून गेले.

"आवडला नाही तुला?"

"आवडला. हा तुमचा ओटा झाला." ती आतल्या दाराकडे पाहत म्हणाली. "माझा कुठाय?"

ओटेवाल्यांनी तोंड उघडलं. 'ताई, तो आतला' एवढं वाक्य सवयीने जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. खिडकीवरच्या बाई, प्लंबर, हेडमास्तर, सगळे एका रांगेत त्यांच्यापुढे उभे राहिले. अख्ख्या गावाने त्यांना सांगितलं होतं. त्यांची स्वतःची कंबर रोज सांगत होती. त्यांना इतकी लाज वाटली की आपणच बांधलेल्या बाकावर बसायचीही हिंमत होईना.

"अग, पण तू नुसतं ओटा म्हणालीस..."

"घरात उभी राहून म्हणाले. आणखी काय म्हणायचं असतं?" ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे. चहा टाकते. तुम्ही दमला असाल."

"नाही! तू नाही टाकायचा!" ओटेवाले तिच्या मागे धावले. "उद्याच फोडतो तो ओटा. उद्या कशाला, आत्ता. दंतवैद्य गेला खड्ड्यात, शाळेला कुंपण नको. आधी माप घेतो तुझं. तू फक्त उभी राहा." त्यांनी कमरेचा टेप काढला. ओटा माणसाच्या कोपराखाली चार बोटं असावा, म्हणजे वाकावं लागत नाही, एवढं तर कोणताही काम करणारा सांगेल. ते तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, टेपचं टोक फरशीवर दाबलं आणि दुसरं तिच्या कोपरापर्यंत नेलं. आकडा पाहिला. काही तरी चुकलं असावं म्हणून पुन्हा नेलं. लग्नाच्या फोटोत ती त्यांच्या बरोबरीने दिसते.

"अग, अशी पुढं झुकू नकोस. माप चुकतंय. जरा सरळ उभी राहा ना."

"सरळच उभी आहे मी," ती म्हणाली.